व्हिनिअरसाठी ग्लू किती घ्यायचा आणि कसा कालवायचा

एक चौरस मीटर पॅनेलवर १३० ग्रॅम कालवलेला ग्लू पसरला तर त्याचा ओला थर जेमतेम ०.१ मिलिमीटर भरतो. म्हणजे वहीच्या कागदाएवढा. व्हिनिअरचं, म्हणजे लाकडाचं पातळ पान बोर्डाला चिकटवण्याचं, बहुतेक काम बिघडतं ते हा थर कागदाएवढा न राहता पुठ्ठ्याएवढा झाल्यामुळे, नाहीतर मधेमधे नाहीसाच झाल्यामुळे. डोळ्यांना दोन्हीतला फरक कळत नाही, वजनकाट्याला कळतो. म्हणून सुरुवातीलाच एक ग्रॅमपर्यंत मोजणारा, पाच किलोचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. व्हिनिअरच्या एका शीटच्या मानाने तो स्वस्त पडतो.

आधी पान की शीट ते ठरवा

आपल्याकडे ‘व्हिनिअर’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक म्हणजे ८ × ४ फुटांची, साधारण ३.५ ते ४ मिमी जाडीची शीट. तिच्यात पातळ प्लायवर लाकडाचं पान कारखान्यातच चिकटवलेलं असतं. दुसरं म्हणजे नुसतं पान, ०.५ ते ०.६ मिमी जाडीचं. पुण्याच्या टिंबर मार्केटमधून येणारं आणि साइटवर मिस्त्री लावतात ते बहुतेक पहिल्या प्रकारातलं. शीटच्या पाठीला प्लाय असल्यामुळे ग्लू वर फुटून येण्याची भीती नाही, आणि पांढऱ्या फेविकॉलवर चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम या बेताने काम निभावतं.

नुसत्या पानाचं गणित निराळं. ०.६ मिमी जाडीच्या सागवानी पानाचं वजन चौरस मीटरला साधारण ३९० ग्रॅम. १३० ग्रॅम युरिया ग्लूमध्ये (पावडर पाण्यात कालवून करतात तो), पावडरीच्या निम्मं पाणी धरलं तर, ४३ ग्रॅम पाणी असतं. ते सगळं पानानेच प्यायलं तर त्याचा ओलावा एका झटक्यात ११ टक्क्यांनी वाढेल. काही पाणी बोर्डही ओढतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो एवढा वाढत नाही. पण पांढरा ग्लू १५० ग्रॅम लावला तर पाणीच ७५ ग्रॅम होतं, म्हणजे पानाच्या वजनाच्या १९ टक्के. पान फुगतं, त्याच अवस्थेत चिकटतं आणि मग सुकताना आकसतं. पॉलिशनंतर दोन-तीन महिन्यांनी दिसणाऱ्या केसासारख्या चिरांचं आणि उघडलेल्या सांध्यांचं एक मोठं कारण हे आहे. पुढचा मजकूर मुख्यतः नुसत्या पानाबद्दल आहे, कारण चूक तिथे महागात पडते.

कोणत्या बोर्डावर किती

खालचे आकडे एका बाजूचे, कालवलेल्या युरिया-फॉर्मल्डिहाइड ग्लूचे आहेत. कारागीर या ग्लूला ‘यूएफ’ किंवा ‘पावडर ग्लू’ म्हणतात.

एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड), गुळगुळीत आणि एकसारख्या जाडीचा: ११० ते १३० ग्रॅम प्रति चौ. मी.
पार्टिकल बोर्ड: १३० ते १५० ग्रॅम.
प्लाय किंवा ब्लॉकबोर्ड: १४० ते १७० ग्रॅम.

फुटात मोजायची सवय असेल तर १३० ग्रॅम म्हणजे चौरस फुटाला १२ ग्रॅम. त्या हिशेबाने ८ × ४ च्या अख्ख्या बोर्डाला एका बाजूला साधारण ३९० ग्रॅम लागतात, आणि १५० ग्रॅमच्या दराने ४५०.

ब्लॉकबोर्डाला जास्त ग्लू लागतो तो वरचं पान खडबडीत आणि शोषून घेणारं असतं म्हणून. त्यातले खड्डे मात्र ग्लूने भरायचे नाहीत. ग्लू सुकताना आकसतो आणि खड्डा वर उमटतो. आधी पुट्टी भरा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ झटका, मग ग्लूचा विचार करा. सागासारख्या तेलकट लाकडाच्या पानाची चिकटणारी बाजू ॲसिटोन किंवा थिनरने पुसून पाच-दहा मिनिटं उडू द्या.

अंदाज मांडण्याची रीत

वॉर्डरोबचे आठ शटर धरू, प्रत्येक २१०० × ४५० मिमी, एमडीएफवर दोन्ही बाजूंना पान. मागच्या बाजूला साधं पान लावा, पण लावाच. एका बाजूलाच लावलेलं पॅनेल वाकतं, आणि बाजू दुप्पट झाल्या की ग्लूही दुप्पट होतो. अंदाज चुकण्याची ही सर्वांत साधी आणि सर्वांत नेहमीची जागा.

कापण्यासाठी चारही बाजूंना १० मिमी जादा ठेवलं तर पॅनेल २१२० × ४७० मिमी, म्हणजे ०.९९६ चौ. मी. होतं. एक चौरस मीटरच म्हणा. आठ पॅनेलांच्या सोळा बाजू मिळून १५.९४ चौ. मी., आणि १३० ग्रॅमच्या दराने २,०७२ ग्रॅम.

आता नासाडी. सगळीकडे ‘दहा टक्के जास्त धरा’ असं सांगतात. नऊ इंची रोलर स्वतः शंभर-दीडशे ग्रॅम पिऊन बसतो आणि बादलीच्या तळाशी-कडांना पन्नासेक ग्रॅम राहतो. काम मोठं असो की छोटं, हे दोनशे ग्रॅम जातातच. म्हणून नासाडी टक्क्यांत नव्हे, दर खेपेला ठरावीक ग्रॅममध्ये धरा. एकदा कोरडा आणि एकदा ग्लूत भिजवून निथळलेला रोलर वजन करा. तुमच्या रोलरचा आकडा मिळाला की तो भिंतीवर लिहून ठेवा.

आठही पॅनेलं एका खेपेत होत नाहीत. एक माणूस रोलर मारतोय, दुसरा पान बसवतोय, एका बाजूला दीड मिनिट, असं धरलं तर चार पॅनेलांच्या आठ बाजूंना १२ मिनिटं आणि प्रेस आवळायला तीन. आपल्याकडच्या ३० अंशांच्या हवेत पहिल्या बाजूला रोलर टेकल्यापासून पूर्ण दाब बसेपर्यंत १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका. म्हणून चार पॅनेलांची एक खेप:

७.९७ चौ. मी. × १३० = १,०३६ ग्रॅम
रोलर आणि बादली: २०० ग्रॅम
एकूण १,२३६, म्हणून कालवा १,२६० ग्रॅम.

दोन खेपा मिळून अडीच किलो. पावडर आणि पाणी वजनाने १०० : ५० असेल तर एकूण वजनाला १.५ ने भागा. ८४० ग्रॅम पावडर, ४२० ग्रॅम पाणी. पोत्यावर १०० : ६० लिहिलं असेल तर भागाकार १.६ ने. प्रमाण पोत्यावरचंच घ्या, मागच्या वेळच्या दुसऱ्या कंपनीचं नको.

उलट टोकाचं उदाहरण ६०० × ६०० मिमीच्या छोट्या टेबलटॉपचं. दोन बाजूंना ०.७२ चौ. मी., म्हणजे ९४ ग्रॅम. इथे नऊ इंची रोलर घेतला तर कामापेक्षा नासाडी दुप्पट. चार इंची रोलर किंवा दातेरी पट्टी घ्या, छोट्या डब्यात १५० ग्रॅम कालवा, पुरतो.

पावडर ग्लू कालवणं

पिठलं करताना डाळीचं पीठ थेट सगळ्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात. आधी थोड्या पाण्यात घट्ट कालवून मग सैल करावं लागतं. इथेही तेच आहे.

१. बादली प्लास्टिकची, स्वच्छ. लोखंडी डबा नको. कडक करणारा भाग आम्लधर्मी असतो. त्यात लोखंड उतरलं की साग, ओक, अक्रोड यांच्या टॅनिनशी (लाकडातल्या तुरट द्रव्याशी) मिळून काळे-निळे डाग पडतात.

२. ४२० पैकी २८० ग्रॅम पाणी बादलीत घ्या. पाणी साधं, २० ते २५ अंशांचं. उन्हाळ्यात छतावरच्या टाकीचं कोमट पाणी घेतलं तर कालवतानाच आयुष्य निम्मं होतं. माठातलं घ्या.

३. बादली काट्यावरच ठेवून आकडा शून्य करा आणि ८४० ग्रॅम पावडर थोडीथोडी टाकत ढवळा. ड्रिलला पाती लावून ढवळत असाल तर वेग कमी ठेवा. जोरात फिरवलं की फेस येतो, आणि फेसाचा प्रत्येक बुडबुडा म्हणजे पॅनेलवरची एक कोरडी टिकली.

४. श्रीखंडाएवढा घट्ट, गुठळीविरहित गोळा झाला की उरलेलं १४० ग्रॅम पाणी घालून सैल करा.

५. दहा मिनिटं तसाच राहू द्या. पावडर पूर्ण विरघळते, हवा वर येते. पुन्हा हलक्या हाताने ढवळा आणि शंका असेल तर जुन्या नायलॉनच्या कापडातून गाळा.

काठी उचलली की ग्लू अखंड धारेने उतरून शेवटी तुटला पाहिजे, घट्ट बासुंदीसारखा. पाण्यासारखा ओघळत असेल तर प्रमाण चुकलं, पानातून फुटून वर येणार. लोंब्या लोंबत असतील तर रोलर नीट फिरणार नाही आणि थर जाड बसणार. अर्ध्या कामात घट्ट झालेल्या ग्लूत पाणी घालून तो परत सैल करू नका. तो सैल दिसतो, पण आत जोडणी सुरू झालेली असते. त्याने चिकटवलेलं पान नखाने उचकटतं.

द्रवरूप यूएफ असेल तर

कारखान्यात पिंपातून येणाऱ्या द्रव यूएफला कडक करायला नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, लागतं. गरम प्रेससाठी चालणारं एक मिश्रण असं:

द्रव यूएफ १,००० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, पाणी १०० ग्रॅम, नवसागर ७ ग्रॅम. एकूण १,२५७ ग्रॅम, म्हणजे वरची एक खेप बरोबर भागते.

नवसागर कोरडा टाकायचा नाही. त्याच १०० ग्रॅम पाण्यातल्या थोड्या पाण्यात विरघळवून सगळ्यात शेवटी घाला. तोवर मैदा आणि रेझिन, म्हणजे द्रव यूएफ, निवांत कालवता येतात. मैदा फक्त पैसे वाचवायला घालत नाहीत. तो पाणी धरून ठेवतो, ग्लूला अंग देतो, त्यामुळे ग्लू पानाच्या छिद्रांतून कमी चढतो. ओक किंवा वेंगेसारख्या उघड्या छिद्रांच्या पानांना तो हवाच. पण वीस टक्क्यांच्या पुढे गेला की पकड आणि पाणी सोसण्याची ताकद दोन्ही उतरतात, आणि कोकणातल्या दमट घरात बुरशीला खाऊ मिळतो. नवसागराचा डोस एक टक्क्यापलीकडे वाढवून वेळ वाचवायचा मोह टाळा. जोड ठिसूळ होतो आणि बादलीतच घट्ट व्हायला लागतो. थंड प्रेससाठी नवसागर रात्रभर घेतो, तिथे रेझिन बनवणाऱ्याचाच थंड प्रेससाठीचा हार्डनर (कडक करणारं द्रव्य) वापरावा.

गडद पानाच्या छिद्रांत ग्लू पांढरा दिसत असेल तर पाण्यात मिसळणारा तपकिरी स्टेनर एक टक्का घालता येतो. तो पावडर टाकण्याआधी पाण्यात मिसळा.

पांढरा ग्लू तयारच येतो, त्यात कालवायचं काही नसतं. घट्ट वाटला तर फार तर पाच टक्के पाणी. त्यापुढे गेलं की तुम्ही पानाला पाणीच पाजताय.

हवा आणि घड्याळ

ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की कालवलेल्या यूएफचं आयुष्य निम्मं होतं. २० अंशांना चार तास टिकणारं मिश्रण ३० ला दोन तास आणि ४० ला एकच तास. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी कालवणं म्हणजे पैसे बादलीत घट्ट करणं. सकाळी आठच्या आत काम काढा आणि बादली थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवा. पसरलेला थर तर बादलीतल्यापेक्षाही लवकर मरतो, पंखा चालू असेल तर आणखी लवकर. ग्लू लावताना पंखा बंद.

पावसाळ्यात उलटं दुखणं. बोर्डाचा ओलावा १२ टक्क्यांवर गेला की ग्लूतलं पाणी जायला जागा उरत नाही. पान ८ ते १० टक्के, बोर्ड १२ च्या आत, हे ओलावा मोजणाऱ्या मीटरने बघा. ओल्या बोर्डावर गरम प्रेस मारला की वाफ कोंडते आणि प्रेस उघडताना ‘फट्ट’ आवाज करून फुगा उठतो.

उघड्या पावडरचं पोतं जुलैत दगड होतं, म्हणून झाकणाच्या डब्यात ठेवा. द्रव यूएफ उन्हाळ्यात महिन्या-दोन महिन्यांत आपोआप घट्ट व्हायला लागतो, पिंपावरची तारीख बघूनच घ्या.

पसरणं आणि प्रत्यक्ष मोजणं

ग्लू नेहमी बोर्डाला लावायचा, नुसत्या पानाला नाही. पानाला लावला की ते क्षणात वळकटी होतं.

कामाआधी ५०० × ४०० मिमीचा एमडीएफचा टाकाऊ तुकडा घ्या. क्षेत्रफळ ०.२ चौ. मी., म्हणजे त्यावर २६ ग्रॅम बसले पाहिजेत. रोलर आधी पूर्ण भिजवून निथळा, कोऱ्या रोलरने मोजणी खोटी येते. तुकडा काट्यावर ठेवून शून्य करा, रोलर मारा, परत ठेवा. ४० आलं तर हात जड आहे, १८ आलं तर पॅनेलला कोरडे पट्टे राहणार. तीन-चार वेळा केलं की २६ ग्रॅमचा थर कसा दिसतो हे डोळ्यांत बसतं. संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत, ओला, पण कुठेही साचलेला नाही.

मग प्रत्यक्ष पॅनेल. मागचं पान, उलट बाजू वर करून, मेणकागद किंवा जाड प्लास्टिक घातलेल्या पाटावर ठेवा. बोर्डाच्या एका बाजूला आधी आडवा, मग उभा रोलर, कडांना एक हात जास्त, कारण रोलर कडेला नेहमी उपाशी ठेवतो. बोर्ड उलटा करून पानावर बसवा, वरच्या बाजूला तसाच रोलर मारा, दर्शनी पान ठेवा, तळव्याने मधून कडेकडे हात फिरवा, वर प्लास्टिक, मग पुढचं पॅनेल. दोन पॅनेलं झाली की बादली आणि रोलर एकत्र वजन करा. चार बाजूंना ५२० ग्रॅमच्या आसपास कमी झाले पाहिजेत. ७०० गेले असतील तर चौथ्या पॅनेलला ग्लू पुरणार नाही, हे दुसऱ्यालाच कळलेलं बरं.

दाब नसेल तर ग्लू वाढवून भागत नाही

‘जास्त लावा, बाहेर येईलच की’ हे वाक्य प्रत्येक साइटवर ऐकू येतं. ४७० मिमी रुंद पॅनेलच्या मधला ग्लू बाहेर यायचा तर त्याला ०.१ मिमीच्या फटीतून २३ सेंटिमीटर वाट काढावी लागेल. तो येत नाही. मधेच तळं करून बसतो, वर पान टेकाड धरतं, आणि पॉलिश झाल्यावर तिरप्या उजेडात ते दिसतं.

साइटवर दाब म्हणून वर बोर्ड रचतात. १९ मिमीचा ८ × ४ प्लाय साधारण ३५ किलोचा. असे दहा रचले तरी ३५० किलो भागिले २९,७६८ चौ. सेंमी., म्हणजे चौ. सेंमी.ला ०.०१२ किलो. प्रेसमध्ये हवा असतो तो २ ते ५ किलो. दीडशे ते चारशे पटींचा हा फरक कोणत्याही बादलीने भरून निघत नाही. ४ मिमीची शीट पांढऱ्या ग्लूवर, भरीला चुका मारून, अशा वजनाखाली बसते. नुसतं पान बसत नाही. त्याला स्क्रू प्रेस, हायड्रॉलिक प्रेस किंवा निदान व्हॅक्यूम बॅग हवी. बॅगेचा दाब एक किलोपर्यंतच पोचतो, तरी तो सगळीकडे सारखा पडतो, त्यामुळे सपाट एमडीएफवर चालून जातो. शिकंज्यांनी एक पॅनेल दाबायचं म्हटलं तर २ किलोच्या हिशेबाने वीस टन लागतात. एक चांगला शिकंजा तीन-चारशे किलो देतो. किती शिकंजे लागतील ते बघा आणि प्रेसवाल्याकडे जा. एकावर एक रचलेल्या चार पॅनेलांत दाब वाटला जात नाही, प्रत्येकाला पूर्ण मिळतो, त्यामुळे खेप लावण्यात तोटा नाही.

वेळ: यूएफ थंड प्रेसमध्ये ३० अंशांना तीन-चार तास, १८-२० अंशांच्या थंडीत सहा-आठ. गरम प्रेसमध्ये १०० ते ११० अंशांना ०.६ मिमी पानासाठी तीन-चार मिनिटं. पांढरा ग्लू तासाभरात धरतो, पण कापणं-घासणं दुसऱ्या दिवशी. प्रेसमधून काढलेलं पॅनेल जमिनीवर आडवं टाकू नका, एकाच बाजूने सुकून वाकतं. दोन्हीकडून सारखी हवा लागेल असं उभं करा. कडेने दर दोन-तीन सेंटिमीटरवर ग्लूचे मोहरीएवढे मणी दिसले तर प्रमाण बरोबर. अखंड दोरी आली तर जास्त, काहीच नाही आलं तर कमी.

फुगा उघडून वाचा

नख घासत नेलं की पोकळ जागी आवाज बदलतो. तिथे ब्लेडने उघडून आत बघा. ग्लू फक्त बोर्डावर, पान कोरडं आणि ग्लूचा पृष्ठभाग चकचकीत असेल तर पान ठेवायला किंवा दाब द्यायला उशीर झाला, साय धरली होती. दोन्हीकडे ग्लू आहे पण जाड आणि गुळगुळीत, म्हणजे दाब पोचला नाही. खडूसारखा भुसभुशीत म्हणजे गरम प्रेस बंद व्हायच्या आतच ग्लू शिजला. दोन्हीकडे नुसतं लाकूड म्हणजे रोलर चुकला, नाहीतर बोर्डाने सगळा पिऊन टाकला.

दुरुस्ती ग्लूप्रमाणे. पांढरा ग्लू उष्णतेने मऊ होतो, त्यामुळे फुग्यावर कागद ठेवून मध्यम गरम इस्त्री दाबली आणि वर थंड लाकडाचा ठोकळा ठेवला की पुष्कळदा बसतो. यूएफ एकदा कडक झाला की परत मऊ होत नाही. रेषांच्या दिशेने चीर द्या, इंजेक्शनच्या सिरिंजने ग्लू भरा, दाबा. वर फुटून आलेला यूएफ कशानेच विरघळत नाही आणि तिथे पॉलिशही धरत नाही, घासून पान पार होईपर्यंत हे ध्यानात येत नाही. लोखंडाचे काळे डाग मात्र ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने जातात. नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसा.

बाथरूमच्या दारांना यूएफ नको, सततचं पाणी तो सोसत नाही. तिथे पाणी सोसणारा मरीन प्रकारचा ग्लू घ्या. यूएफमधून निघणारं फॉर्मल्डिहाइड जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगकारक ठरवलेलं आहे, तेव्हा गरम प्रेसजवळ एक्झॉस्ट, हातमोजे आणि पावडर ओतताना मास्क लागतोच.

रोलर ग्लू ओला असतानाच पाण्यात धुवा. उरलेला ग्लू मोरीत ओतू नका, पाइपमध्ये दगड होतो. बादलीतच कडक होऊ द्या. दुसऱ्या दिवशी बादली बाहेरून दाबली की कवच सुटून येतं. ते काट्यावर ठेवा आणि आकडा खेपेच्या हिशेबापुढे लिहा. दीडशे ग्रॅमपेक्षा जास्त भरलं तर जेवढं वर गेलं तेवढा ग्लू पुढच्या खेपेला कमी कालवा.